पांढरा हत्ती

नणंदेचा फोन आला एडिसनहून :
"मग? पैसे वसूल झाले का?"

काय सांगू, मृदुलाताई.
एका रात्रीचे सातशे चाळीस डॉलर,
चार रात्री, ऑरलँडो, भर जून.
वर पार्किंग. गाडी आमचीच,
पण तिच्याही झोपण्याचे पैसे.
बुकिंगचं बटण दाबताना श्रीरंगचा चेहरा
दुखरा दात जिभेने हलवून बघावा तसा.
"पांढरा हत्ती," म्हणाला, "चार दिवस पोसायचा."

मी विम्याचे दावे तपासते, तुम्हाला ठाऊक आहे.
वादळात उडालेलं छप्पर, गालिच्यात मुरलेलं पाणी,
एकदा तर भिजलेला पियानो.
सगळ्याला आकडा लावता येतो मला
घसारा वजा करून.

तर ऐका.
माणशी पाच उशा, एकीवरही मान टेकेना.
लॉबीत पाण्याची उभी भिंत.
एका ऑम्लेटचे सव्वीस डॉलर,
म्हणून बाथरूमच्या संगमरवरी ओट्यावर
पंखा लावून, दार ओढून
छोट्या कुकरात मुगाची खिचडी.
हिंगाचा वास कॉरिडॉरभर गेलाच असणार.
कुणी चकार शब्द काढला नाही.
त्या भावात
न बोलणंही धरलेलं असावं.

आणि हो, हॉटेलवाल्यांना पार्कात
अर्धा तास आधी प्रवेश.
त्या अर्ध्या तासात निहार
पहिल्याच राइडच्या दारात
दोन्ही कान दाबून जमिनीवर बसला.
तुम्ही पाहिलंय त्याला तसं, बारशाच्या हॉलमध्ये.
तिथून खोली सात मिनिटांवर. चालत. मी मोजली.
बाहेरच्या स्वस्त मोटेलला पंचेचाळीस लागली असती,
तीही शटल वेळेवर आली तर.
मधल्या अडतीस मिनिटांचा दर काढा, ताई.
मला अजून जमलेला नाही.

खोलीत आलो तर पलंगावर हत्ती.
टॉवेलचा. दोन टॉवेल, एक सोंड, कागदाचे डोळे.
मिर्लांद म्हणून एक हैतीची बाई खोली आवरायची,
तिचं काम.
निहार त्याच्यासमोर जाऊन बसला
आणि हळूहळू कानांवरचे हात काढले.
मग उलगडू देईना.
जादा टॉवेल मागवले
तर तिने त्यांचंही पिल्लू करून ठेवलं.
श्रीरंगने चार दिवस बनियनने अंग पुसलं,
सातशे चाळीस डॉलरच्या खोलीत.

दुपारी निहार झोपला की आम्ही बाल्कनीत.
लांबून, दर अडीच मिनिटांनी,
रोलर कोस्टरवरची किंकाळी यायची.
लोक पैसे मोजून ओरडत होते,
आम्ही पैसे मोजून गप्प होतो.
न भांडता इतका वेळ गप्प
आम्ही बसलोय कधी, तुम्हीच आठवून सांगा.

शेवटच्या सकाळी मिर्लांदने त्याला घडी शिकवली.
बोलली नाही फारसं. हात दाखवत गेली,
तो हात बघत गेला.
सोळा खोल्या असतात तिला दिवसाला,
त्यातली बारा मिनिटं आमच्याकडे गेली.
उशीखाली वीस डॉलर ठेवले,
दारातून परत येऊन आणखी वीस.
तरी लिफ्टमध्ये वाटत राहिलं, चुकलंच काहीतरी.

टॅम्पाला परतलो. आठवड्याने कार्डावर
रिसॉर्ट फीचे एकोणतीस डॉलर आणखी :
हत्ती गेला, शेपूट राहिलं.
श्रीरंग हसला चक्क.

तुम्ही सोलापूरहून आणलेला तो पंचा आहे ना,
सध्या निहार त्याचा हत्ती करतो.
कापड पातळ, उभा राहत नाही.
बसतो. जेवणाच्या टेबलावर,
सोंड खाली लोंबत.
आम्ही ताटं थोडी सरकवून घेतो.

बरं, ते जाऊ दे.
तुमचा फ्रिज आला का शेवटी?